ग्राफिक्स कार्डाचं 'नो केन'

नात्यात कुणाचा प्रिंटर अडला, वायफाय गेलं, ओटीपी येईना झाला, की फोन मला येतो. मी सांगलीत बँकेत कर्जाच्या फायली बघतो, कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण शून्य, पण "त्याला त्यातलं कळतं" हा शिक्का एकदा बसला की तो पुसायची सोय आपल्याकडं नाही. आणि खरं सांगू का, प्रिंटर-वायफायचं काही वाटत नाही, त्यात काहीतरी बिघडलेलं असतं, ते सापडतं, दुरुस्त करायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. गेमिंग पीसीचं दुखणं निराळं. तिथं बिघडलेलं काहीच नसतं. सगळं नवीन, सगळं चालू, आतनं लाल-निळे लाईट लागलेले, आणि पोरगं म्हणतंय "दादा, लॅग मारतोय."

आमचा मामा आष्ट्याला असतो. ऊस आहे, थोडी हळद आहे. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याचा राहिलेला हप्ता जमा झाला आणि त्यातनं मामेभावानं, त्याला आम्ही बारक्या म्हणतो, आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारं, पदरात पाडून घेतलं. बारा जीबीचं. कार्ड चांगलंच आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते बसवलं कशात, तर ताईच्या डिप्लोमासाठी सेकंडहँड घेतलेल्या मशिनात. आत प्रोसेसर, म्हणजे मशिनाचा मेंदू, आय-५ ३४७०, चार कोर, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं घेणारा, आठ जीबीची एकच डीडीआर-३ रॅम. प्रोसेसर २०१२ सालचा आणि कार्ड २०२१ चं. दुकानदारानं एवढं तरी केलं की कार्ड १७० वॅट ओढतं म्हणून जुना लोकल एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, काढून साडेपाचशे वॅटचा बरा बसवून दिला, पण प्रोसेसर कुठला आहे बाबा तुझा, हे काय विचारलं नाही. विचारेल कशाला, गिऱ्हाईक स्वतःहून कार्ड मागतंय, तो काय अडवणार आहे का.

आणि बारक्याचंही बरोबर आहे म्हणा. कार्डाला केवढा तरी बॉक्स असतो, पंखे असतात, नाव असतं, काचेतनं दिसतं, स्टेटसला फोटो टाकता येतो. प्रोसेसर म्हणजे चौकोनी चकती, ती एकदा कूलरखाली गेली की परत कुणाच्या नजरेला पडत नाही. प्रोसेसर घेतला म्हणून पेढे वाटलेला माणूस मी तरी बघितलेला नाही. मामीनं लक्ष्मीपूजनाला कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं तेसुद्धा बरोबर कार्डाच्या बाजूच्या काचेवर.

भाऊबीज झाली आणि मामाचा फोन.

"भाच्या, सव्वीस हजार घातल्यात त्या कार्डात. आणि ह्यो म्हंतोय अडकतंय. दुकानदारानं फसिवलं काय, बघ की जरा येऊन."

"मामा, फसवलं नसणार, प्रोसेसर जुना आहे ना..."

"ते काय मला कळत न्हाई. रविवारी ये. मामी धपाटी करणार हाय."

गेलो. धपाटी नसती तरी जावंच लागलं असतं.

आधी कॅबिनेट उघडलं. बारक्याची खोली आणि हळद पॉलिश करायचा ड्रम यांच्यामधे एकच भिंत, आणि त्या भिंतीला खिडकी. कूलरच्या पात्यांमधे पिवळ्याधमक धुळीचा थर असा गच्च बसलेला की पंखा फिरत होता पण हवा कुठनंच जात नव्हती. तापमान बघितलं तर नव्वदीच्या पुढं, म्हणजे मुळात म्हातारा प्रोसेसर आणि तोही तापून स्वतःचा स्पीड कमी करून बसलेला. ब्रशनं हळद काढली, पेपरवर जमवली, मामी म्हणाली टाकू नका, मी म्हणलं मामी टाका. थर्मल पेस्टचा वाळून पापुद्रा झाला होता, तो खरवडून नवीन लावली. तापमान वीसेक डिग्रीनं उतरलं, गेम तीन-चार एफपीएसनं, म्हणजे सेकंदाला तीन-चार जादा चित्रांनी, सुधारला. बारक्या म्हणाला, "झालं?" म्हणलं झालं कुठलं, आत्ता तर दुखणं दिसायला लागलंय.

मग कोण किती राबतंय ते दाखवणारा आफ्टरबर्नर टाकला, स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावले आणि सायबरपंक हा गेम चालू केला. अल्ट्रा सेटिंगला एफपीएस ३८. सीपीयू म्हणजे प्रोसेसर शंभर टक्के, जीपीयू म्हणजे कार्ड साठच्या आसपास. मग सगळं लो केलं, सावल्या बंद, रिफ्लेक्शन बंद, शहर पार भकास करून टाकलं. एफपीएस ३९. जीपीयू चाळीसवर आला आणि आरामात बसला. म्हणजे चित्र चांगलं काढ म्हणलं तरी तेवढंच, वाईट काढ म्हणलं तरी तेवढंच. ही एक टेस्ट ज्याला जमली त्याला बाकी काही शिकायची गरज नाही. ग्राफिक्स उतरवून एफपीएस हलत नसेल तर कार्डाला शिव्या देऊ नका, ते नुसतं वाट बघत उभं आहे.

मामा खुर्ची ओढून मागं बसला होता. म्हणाला, "मला कळंल असं सांग."

मी म्हणलं, मामा, कार्ड म्हणजे कारखाना. आणि प्रोसेसर म्हणजे तोडणीची टोळी. गेममधली माणसं कुठं चालली, गाडी कुठं धडकली, गोळी कुणाला लागली, हे सगळं ठरवून, मोळ्या बांधून गव्हाणीपर्यंत आणायचं काम टोळीचं. कारखान्यानं नुसतं गाळायचं, म्हणजे चित्र काढायचं. आता आपला कारखाना मोठा आहे, एक चित्र दहा मिलिसेकंदात गाळतोय. पण टोळीला एक गाडी भरून आणायला सव्वीस मिलिसेकंद लागतायत. साठ एफपीएस पाहिजे असेल तर दर सोळा-सतरा मिलिसेकंदाला एक गाडी आली पाहिजे. ती येत नाही, म्हणून कारखाना उरलेला वेळ...

"नो केन!" मामा ओरडलाच. "नो केननं बंद पडतोय म्हण की सरळ!"

ऊसच येईना म्हणून कारखाना थांबला की त्याला नो केन म्हणतात. मी इतकी वर्षं हे लोकांना समजावतोय, पण एवढ्या लवकर कुणाला कळलेलं नाही. माझ्या ऑफिसात एमबीए झालेले लोक आहेत.

"टोळीत कोयते किती हाईत?" मामा.

"चार."

"चार कोयत्यांवर एवढा कारखाना?" मामानं बारक्याकडं असं बघितलं की पोरगं मोबाईलमधे तोंड घालून बसलं. "आणि कोयते कवाचे?"

"२०१२ चे."

यावर मामा काही बोललाच नाही, नुसती टोपी काढून परत घातली.

बारक्याकडं मात्र स्वतःचे उपाय तयार होते, सगळे यूट्यूबवरनं आलेले. पहिला, डीएलएसएस. ते चालू करून क्वालिटीवरनं परफॉर्मन्सवर नेलं होतं त्यानं, आणि एफपीएस जागचा हलत नाही म्हणून डीएलएसएसच फेक आहे असं त्याचं मत झालेलं. आता डीएलएसएस काय करतं, चित्र आतल्या आत लहान काढतं आणि मोठं करून दाखवतं, म्हणजे कारखान्याचं काम हलकं करतं, टोळीचं एक कांडंही कमी होत नाही. उलट त्याच गेममधे गर्दी किती पाहिजे याचं एक सेटिंग असतं, क्राउड डेन्सिटी, ते कमी केलं की प्रोसेसरला खरोखर श्वास मिळतो. ते मी केलं. रस्ते ओस पडले, एफपीएस चार-पाचनं वाढला, आणि बारक्या म्हणाला हे कर्फ्यू लागल्यागत दिसतंय, नको.

दुसरा, बॉटलनेक कॅल्क्युलेटर. एकाच्या संथपणामुळं दुसरा अडून बसतो, तो बॉटलनेक. प्रोसेसरचं नाव टाकायचं, कार्डाचं नाव टाकायचं, ते टक्के सांगतं. बारक्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि अमुक टक्के, दादा, लाल रंगात आलंय असं सांगताना त्याचा आवाज कापत होता. अरे पण कुठला गेम, कुठलं रिझोल्यूशन, हे न विचारता टक्के आले कुठनं? एकाच मशिनावर एका गेममधे प्रोसेसर अडतो, दुसऱ्यात कार्ड अडतं, एवढंच कशाला, एकाच गेममधे बाजारात गेलं की प्रोसेसर आणि उजाड माळावर आलं की कार्ड. एक ठरलेला आकडा निघणारच नाही. आणि टास्क मॅनेजरचंही सगळं खरं मानायचं नाही, काही गेम असे असतात की सगळा भार एकाच कोरवर पडतो, तो घामाघूम होतो आणि बाकीचे मोकळे, मग वर लिहून येतं सीपीयू ४५ टक्के आणि माणूस म्हणतो माझ्या प्रोसेसरला काही झालेलं नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडला. फोर-के टीव्ही घ्यायचा.

"दादा, फोर-केला खेळलं की बॉटलनेक जातो. सगळे सांगतात."

जातो, हे खरं आहे. रिझोल्यूशन वाढलं की कार्डाला चौपट पिक्सेल काढायला लागतात, ते शंभर टक्क्यांवर जातं आणि प्रोसेसर त्याच्यामागं लपून जातो. पण एफपीएस वाढत नाही की रे लेका, झाला तर कमीच होतो. हे मी तोंडानं सांगेपर्यंत मामाच म्हणाला, "म्हंजे कारखानाच हळू करायचा, मग टोळीला कोण नावं ठिवतंय!"

मामा एखादी संस्था चालवायच्या लायकीचा माणूस आहे, उसात वाया गेला.

उलटी जोडीही असते, ती सांगायला पाहिजे. माझ्या बरोबरच्या एकानं पोराला 'गेमिंग पीसी' म्हणून तयार मशीन आणलं. आय-७ प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स कार्ड, कसं भारदस्त वाटतं ऐकायला. आय-७ कितव्या पिढीचा हे विचारायचं नाही आणि चार जीबीचं कार्ड कुठलं हेही विचारायचं नाही. मी उघडून बघितलं तर जीटी ७३०, २०१४ सालचं, त्या काळीसुद्धा ते गेमसाठी नव्हतंच, स्क्रीन दिसण्यापुरतं. तिथं टोळी बरी आणि पुढ्यात गुऱ्हाळ. त्यावर मेमरी चार लावा नाहीतर चाळीस लावा, कढई तेवढीच राहणार. सहकाऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला पण स्टिकर आहे ना आय-७ चा. आहे बाबा, स्टिकर ओरिजिनल आहे.

तर बारक्याच्या मशिनाचं काय करायचं. सोपं उत्तर असतं की प्रोसेसर बदला. पण त्या जुन्या बोर्डावर नवीन प्रोसेसर बसत नाही, सॉकेट वेगळं. म्हणजे बोर्ड बदला. नवीन बोर्डाला डीडीआर-३ रॅम चालत नाही, म्हणजे रॅम बदला. त्याच बोर्डावर बसणारा जुन्यातला आय-७ ३७७० टाकता आला असता, तेच चार कोर पण आठ थ्रेड, थोडा फरक पडतो, अडकणं कमी होतं, पण पुन्हा २०१२ चाच माल, आणि त्यावर सायबरपंक चालवायचा म्हणजे... त्या गेमवाल्यांनीच आधी किमान आय-५ ३५७०के सांगितलं होतं, ते २०२३ मधे आय-७ ६७०० पर्यंत नेलं. मी साफ सांगितलं, मामा, आय-५ १२४००एफ, सहा कोर बारा थ्रेड, साधा एच६१० बोर्ड, आणि आठ-आठच्या दोन रॅम, एकच सोळाची घेऊ नका, दोन लावल्या की रॅमकडं जायचे दोन्ही रस्ते, म्हणजे चॅनेल, चालतात.

"एक बदलायचं म्हणलं आणि तीन निघाली," मामा म्हणाला. "ट्रॅक्टरचं पण असंच करत्यात ही लोकं." पण हिशोब त्याला पटला, कारण त्याच्या डोक्यात कारखाना नो केननं बंद पडलेला होता आणि ते त्याला बघवत नव्हतं. बारक्यानं बारावीला किती टक्के पाडायचे यावर तासभर वाटाघाटी झाल्या, त्यात मी पडलो नाही. खिडकीला जाळी मारायची हे मात्र मी लावून धरलं.

सामान सांगलीतनंच घेतलं, मीच बसवलं. १२४००एफ मधला एफ म्हणजे प्रोसेसरमधे स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तरी बारक्यानं सवयीनं एचडीएमआय बोर्डाला लावली आणि स्क्रीन काळी बघून मामीनं देवापुढं उदबत्ती लावली. वायर काढून कार्डाला लावली तर उदबत्तीचं नाव झालं.

गेम चालू केला. तीच सेटिंग, तेच अल्ट्रा, गर्दी फुल. एफपीएस साठच्या वर, आणि मुख्य म्हणजे वळणावर गाडी फिरवली की जो झटका बसायचा तो गेला. कोपऱ्यात जीपीयू ९९ टक्के. मला बरं वाटलं, म्हणलं झालं आपलं काम. तेवढ्यात बारक्या खुर्चीतनं अर्धा उठला.

"दादा, जीपीयू नव्व्याण्णव! आता कार्ड बॉटलनेक व्हायलंय!"

त्याला सांगितलं, राजा, हेच पाहिजे होतं, कार्ड पुरेपूर राबतंय, ज्याच्यासाठी सव्वीस हजार घातले ते वसूल होतायत. आणि तुझा मॉनिटर ताईच्या वेळचा, साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा, त्याच्यावर साठाच्या वर गेलेलं तुला दिसणारसुद्धा नाही. मॉनिटरचं नाव काढलं ही चूक झाली असं मला त्याच्या डोळ्यांत चमक आली तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण मामा मधे बोलला. तो चष्मा लावून त्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडं बघत होता.

"ते खालचं काय? सीपीयू पन्नास?"

"हां मामा, टोळी आता निवांत आहे. कारखान्याला पुरून उरतीया."

"म्हंजे निम्मी बसूनच हाय."

"तसं... हो."

"मग एवढी उचल कशापायी दिली आपण तिला?"

याला उत्तर आहे. पण ते द्यायचं तर परत पहिल्या मोळीपासून सुरुवात करायला लागली असती, आणि आतनं मामी तिसऱ्यांदा ओरडत होती की धपाटी गार व्हायल्यात.