इंजिनाच्या कपाळी टिकली

गेल्या गुरुवारी अक्कलकोटला निघालो. मागे आई, चिरंजीव आणि दशम्यांचा डबा, पुढे बायको. एमआयडीसी ओलांडली तोच मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. ऍक्सिलरेटर तळाला, वेग चाळीस. अकरा महिन्यांत तिसऱ्यांदा. सेन्सर तोच, डीपीएफचा, म्हणजे काजळीच्या जाळीचा.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून मी आत नुसतं बघत राहिलो. बघण्यापलीकडे येतंय काय आपल्याला?

तेवढ्यात टॉवेलचा एक डोंगर शेजारी येऊन थांबला. त्याच्याखाली मोपेड होती आणि पुढच्या फटीतून एक मामा उतरले.

"काय झालं ओ मालक?"

"सेन्सर गेला."

"कुठं गेला?"

"खराब झाला हो."

"मग काढून टाका की."

"काढला तर गाडी नीट चालत नाही."

"आता चालालीय व्हय?"

याला उत्तर नव्हतं. तरी मी समजावलं, की सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते, ती काजळी अडवते. जाळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब हा सेन्सर मोजतो. फरक वाढला की जाळी चोंदली म्हणायची.

"म्हंजे जाळी चोंदलीय?"

"नाही. जाळी ठीक आहे. सांगणारा बिघडलाय."

"आन् त्याच्यापायी सगळे उन्हात उभे?" मामांनी टोपी काढून घाम पुसला. "आमच्या भावकीत हाय असा एक. दर लग्नात पंगत बसली की वरडतो, भात संपला! भात असतोय ओ. पण लोकं उठतात."

माझी खरी खदखद वेगळीच आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक आलं, धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण सेन्सरच्या कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडतात तिथं, हिरवा गंज चढलाय, तो मी स्वतः टॉर्च लावून पाहिलाय. सर्व्हिस सेंटरला तीनदा सांगितलं, वायरिंग बघा. "साहेब, स्कॅनर दाखवतो तोच पार्ट आम्ही बदलतो." पार्ट पुण्याहून येणार, म्हणजे चार दिवस रिक्षा. वायर पुसण्याचं बिल होत नाही, सेन्सरचं होतं. वर सल्ला, "शहरात चोंदतं, हायवेला पळवत जा." हायवेलाच उभा होतो की!

मामांनी खिडकीतून डोकं घालून दिवा न्याहाळला. मग आईकडे वळून म्हणाले, "अम्मा, एक टिकली द्या की."

आईनं चटकन कपाळावरची काढून दिली. (मी पाना मागितला असता तर चौकशी झाली असती.) मामांनी ती मीटरच्या काचेवर, बरोबर दिव्यावर दाबून बसवली. "आता मारा स्टार्टर."

मारला. गाडी सुटली, ऐंशीनं पळाली! बंद करून पुन्हा चालू केली की कधीकधी असं होतं, हे मला ठाऊक आहे. पण आईनं तोवर मामांना दोन दशम्या आणि शेंगाचटणी दिली होती, आणि माझं ऐकायला गाडीत कुणी उरलं नव्हतं.

टिकलीच्या कडेनं दिवा पिवळा झिरपत होता, तो फक्त मला दिसत होता.

सोमवारी गाडी पुन्हा सर्व्हिस सेंटरला. जॉबकार्डावर मुलानं गंभीरपणे लिहिलं : 'निरीक्षण – मीटरवर टिकली आढळली.' गंजाचा उल्लेख नाही. नवा सेन्सर बसवला. टिकली काही परत मिळाली नाही.

बायकोनं घरी येताना टिकल्यांचं अख्खं पाकीट घेतलं आणि गाडीच्या कागदांसोबत खणात ठेवलं.