बाराव्या वर्षी रग्बीचं दार बंद होत नाही

जून आला की सिडनीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. या वर्षी तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात रग्बीत पुढे जायचं तर बारा वर्षांखालच्या रेप (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे जिल्ह्याच्या) टीममध्ये नाव लागलंच पाहिजे, नाहीतर दार बंद. निवड उंची-वजन बघून होते, त्यामुळे आपल्या चणीच्या मुलांना वाव नाही. प्रायव्हेट शाळेशिवाय कोणी विचारत नाही. खरं कोचिंग रेपमध्येच मिळतं, क्लबात नुसता वेळ जातो. आणि शेवटी सल्ला: नाव लागलं नसेल तर आणखी वर्षं घालवू नका, मुलाला वेळीच काढा.

गेल्या आठवड्यात या मेसेजखाली एका बाबांनी लिहिलं, ‘आम्ही काढतोय.’ त्यांचा मुलगा माझ्या धाकट्याच्या टीममध्ये खेळतो आणि त्या टीमची मी मॅनेजर आहे. म्हणून हे लिहितेय.

नवीन आलेल्यांसाठी आधी रचना सांगते. उपनगरातल्या छोट्या क्लबांमधून ट्रायल घेऊन जिल्ह्याची टीम निवडतात, तीच ‘रेप’. या टीम जूनच्या लाँग वीकेंडला राज्य स्पर्धेत खेळतात. त्यावर सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेतल्या संघांचे १६ आणि १९ वर्षांखालचे गट, मग २० वर्षांखालचे ज्युनिअर वॅलबीज आणि सगळ्यात वर वॅलबीज, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय संघ. कागदावर ही शिडी दिसते. मेसेज लिहिणाऱ्याने ती खरोखरच शिडी आहे असं धरून चाललंय, म्हणजे पहिली पायरी चुकली की खेळ संपला. मूळ चूक इथेच आहे.

माझ्या थोरल्याची ट्रायल मला अजून दिसते. तीन वर्षांपूर्वी, मार्चमधली सकाळ, मैदानावर दव. टेबलापाशी प्रत्येक मुलाच्या दंडावर मार्करने नंबर घालत होते. ह्याचा ४७. दोन तासांत तीन छोट्या मॅच झाल्या आणि बॉल ह्याच्या हातात आला तो मोजून चार वेळा. संध्याकाळी ईमेलवर नंबरांची यादी आली, त्यात ४५ नंतर एकदम ५२. तो काही बोलला नाही. बाथरूममध्ये जाऊन साबणाने दंड घासत बसला. शाई गेली, कातडी लाल झाली.

तो तेव्हा ११ वर्षांचा होता आणि जन्म डिसेंबरचा. ऑस्ट्रेलियात ज्युनिअर रग्बीचे वयोगट जन्मवर्षाप्रमाणे ठरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि डिसेंबरमधला मुलगा एकाच गटात, जवळजवळ १२ महिन्यांच्या अंतराने. अकरा-बारा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती, हे आया जाणतात. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या दर्जाच्या टीममध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खूपच जास्त निघाले. त्यानंतर खेळामागून खेळात हेच दिसलंय. बाराव्या वर्षीची यादी बऱ्याच अंशी आज कोण पुढे आहे ते सांगते. उद्याचं ती सांगू शकत नाही. निवडणारे वाईट नसतात, त्यांनाही दोन तासच मिळालेले असतात.

आता वजन-उंचीचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे. या वयात मोठं शरीर मैदानावर डोळ्यांत भरतं आणि निवडीत त्याचा फायदा होतो. मी नाही म्हणणार नाही. पण मुलग्यांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, काहींची बाराव्या वर्षी, काहींची सोळाव्या. तेराव्या वर्षीच्या एकाच टीममध्ये शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक सहज असतो. बाराव्या वर्षी जो मुलगा सरळ धावत जाऊन सहा जणांना उडवतो, त्याला पास द्यायची गरजच पडत नाही. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात. तोवर ज्याला अंगाऐवजी पाय, हात आणि नजर वापरावी लागली, त्याच्याकडे एक गोष्ट जास्त असते.

शिवाय रग्बी ऑस्ट्रेलियाने यासाठी नियमच केलाय. ‘साइज फॉर एज’ या धोरणाखाली वयाच्या मानाने फार लहान किंवा फार मोठ्या अंगाच्या मुलाची तपासणी करून त्याला एक गट खाली किंवा वर खेळवता येतं. लाज बाळगू नका, क्लबच्या सेक्रेटरीला विचारा. आणि १९ वर्षांखालच्या खेळात स्क्रम (बॉलसाठी दोन्ही टीमचे खेळाडू घोळका करून एकमेकांना रेटतात तो) दीड मीटरपेक्षा जास्त ढकलताच येत नाही, म्हणजे नुसत्या वजनाच्या जोरावर मैदान मारता येणार नाही याची नियमांनीच काळजी घेतलीय. वॅलबीजसाठी ११० कसोटी खेळलेला विल जेनिया साधारण पाच फूट नऊ इंच. आपल्या ग्रुपमधले कितीतरी बाबा त्याच्याएवढे आहेत.

शाळांबद्दल मेसेज जे म्हणतो ते मला पूर्ण खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही. हंटर्स हिलचं सेंट जोसेफ्स, पॅरामॅटाचं किंग्ज, ब्रिस्बेनचं नजी कॉलेज. या शाळांमधून वॅलबीज पिढ्यान्‌पिढ्या आलेत. तिथे जिम आहे, पूर्णवेळ कोच आहेत, शनिवारच्या मॅचला निवडणारे हजर असतात. हा अन्याय आहे आणि तो रग्बीला महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘शाळेशिवाय कोणी विचारत नाही’ हे खोटं आहे. मॅट्राव्हिल हायस्कूल ही सिडनीची सरकारी शाळा. तिथले मार्क, ग्लेन आणि गॅरी हे तिघे एला भाऊ १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलियन शाळकरी संघात होते. तो संघ दौऱ्यात एकही मॅच हरला नाही. तिघेही पुढे वॅलबी झाले. १९८४ च्या वॅलबीजच्या दौऱ्यात मार्कने इंग्लंड, आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड, चारही कसोटींत ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला.

जुनी गोष्ट आहे, मान्य. मग आजची घ्या. शूट शील्ड या सिडनीच्या मोठ्यांच्या क्लब स्पर्धेतला क्लब साधारणपणे चार ग्रेड (दर्जानुसार पहिली ते चौथी टीम) आणि तीन कोल्ट्स टीम उतरवतो. कोल्ट्स म्हणजे २० वर्षांखालचे. सात टीम गुणिले पंधरा, म्हणजे बदली खेळाडू न धरता एका क्लबचे १०५ जण एका शनिवारी मैदानात. शाळा कुठलीही असो, अठराव्या वर्षी मुलगा प्री-सीझनला जाऊन नाव नोंदवू शकतो. तिसऱ्या कोल्ट्समधून पहिल्या ग्रेडपर्यंतचा रस्ता लांब आहे, पण तो शाळेच्या फाटकातून जात नाही.

आणि ‘दार बंद’ म्हणणाऱ्यांनी स्कॉट फार्डीचं नाव लक्षात ठेवावं. सिडनीच्या क्लब रग्बीतला हा माणूस. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक रग्बीत जम बसला नाही म्हणून जपानला गेला, कामाइशी नावाच्या पोलादाच्या गावी. मार्च २०११ च्या त्सुनामीने ते गाव उद्ध्वस्त केलं. दूतावासाने त्याला बाहेर काढायची तयारी दाखवली, तो थांबला आणि मदतीचं सामान वाहत राहिला. २०१२ मध्ये ब्रम्बीज या सुपर रग्बी संघाने त्याला घेतलं. २०१३ मध्ये, २९ व्या वर्षी, तो पहिल्यांदा वॅलबी म्हणून खेळला आणि २०१५ ची विश्वचषक फायनलही खेळला. प्रवीण तांबे ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग स्वतःच्या मुलाला बाराव्या वर्षीच उशीर झाला असं कसं म्हणतो आपण?

उलटही खरं आहे. नाव लागलं म्हणजे रस्ता ठरला असं नसतं. मुलं सातवीत शाळा बदलतात, रग्बी लीगकडे (आपण खेळतो त्या रग्बी युनियनहून वेगळा खेळ) जातात, जखमी होतात, कंटाळतात. जोसेफ सुआली किंग्जमध्ये रग्बी खेळला, मग लीगमध्ये गेला आणि परत आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्विकनममध्ये इंग्लंडविरुद्ध तो वॅलबी म्हणून उतरला, तेव्हा व्यावसायिक रग्बी युनियनची एकही मॅच खेळलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाने ती मॅच ४२-३७ अशी जिंकली.

मेसेजमध्ये मुलींचा उल्लेखच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये सेव्हन्सचं (सात जणींच्या रग्बीचं) सोनं जिंकलेल्या ऑस्ट्रेलियन संघातल्या शार्लट कॅसलिक आणि एमिली चेरी टच फुटबॉलमधून, म्हणजे टॅकलऐवजी नुसता स्पर्श करायच्या खेळातून, आल्या होत्या. मुलीला रविवारी टचला नेत असाल तर नेत राहा.

राहिलं कोचिंग. रेपचं वेळापत्रक कोणीतरी एकदा शांतपणे बघा. उन्हाळा संपताना ट्रायल, त्यानंतर काही आठवडे सराव, जूनमध्ये तीन दिवसांची स्पर्धा, संपलं. त्यात टीम बांधायलाच वेळ पुरत नाही, एकेका मुलाला घडवणार कधी? क्लबचा सीझन एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालतो. टॅकल करताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, पडल्यावर बॉल मागे कसा ठेवायचा, हे मंगळवारी संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, कुणाच्या तरी बाबांकडून शिकलं जातं. सगळे कोच चांगले नसतात हे मॅनेजर म्हणून मला माहीत आहे. कोच चांगला नसेल तर दुसरा क्लब शोधा. पण रेपच्या जॅकेटमुळे मूल शिकतं, असं समजू नका. वरच्या पातळीवर आज सुपर रग्बीचे चारच ऑस्ट्रेलियन संघ उरलेत, मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये बंद झाला. त्या चार संघांसाठी हजारो मुलांचं बालपण पणाला लावायचं, हा हिशेबच मला पटत नाही.

माझा थोरला आता १४ चा आहे. रेपमध्ये अजून नाही. या वर्षात सात सेंटिमीटर वाढला, विंगवरून सेंटरला आला, आणि शुक्रवारी रात्री बूट स्वतः घासून दाराशी ठेवतो.

त्या बाबांना एवढंच सांगायचंय. दादा, तुमचा मुलगा आपला हाफबॅक आहे. महिन्यापूर्वी त्याला डावीकडे पास देता येत नव्हता, बॉल दर वेळी जमिनीवर. परवाच्या रविवारी दुसऱ्या हाफमध्ये त्याने डावीकडे सलग तीन पास छातीच्या उंचीवर दिले आणि तिसऱ्यावर ट्राय झाला. तुम्ही तेव्हा पलीकडे संत्र्यांच्या फोडी करत होतात, म्हणून कदाचित दिसलं नसेल. त्याचा माउथगार्ड माझ्या गाडीत राहिलाय. मंगळवारी साडेपाचला सराव आहे, मी घेऊन येते.