मार्गदर्शक परिचारिकेचे निरुपद्रवी मूल्यमापन

वॉर्डात प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या विद्यार्थिनींना तेथील परिचारिका कितपत शिकवतात, हे तपासण्याचे काम आपल्यावर सोपवले गेले असेल, तर घाबरून जाऊ नये. हे काम कोणालाही न दुखावता आणि कोणालाही काही कळू न देता तडीस नेता येते.

सर्वप्रथम प्रश्नावली छापून घ्यावी. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची मोजपट्टी आपल्या सेवेला आहेच. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत कोठेही खूण करता येते. प्रश्न मात्र ‘मार्गदर्शक सिस्टर सहकार्य करतात’ अशा वळणाचे असावेत. ‘तुम्ही पहिल्यांदा कॅथेटर घातला तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या का, आणि हात कोठे चुकला हे त्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितले का’ असे विचारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण अशा प्रश्नाला खरोखरच उत्तर असते. फिनलंडच्या संशोधकांनी 2002 मध्ये या कामासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वॉर्डातील वातावरणापासून इन्चार्जच्या कारभारापर्यंत सगळे विचारलेले आहेच, शिवाय मार्गदर्शिकेने विद्यार्थिनीशी स्वतंत्रपणे बसून किती वेळा चर्चा केली, हेही विचारलेले आहे. अशी प्रश्नावली हाती लागल्यास ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावे.

फॉर्म भरून घेण्याची वेळ अचूक साधावी. प्रात्यक्षिकाचा शेवटचा दिवस, लॉगबुकावरील (विद्यार्थिनीने केलेल्या कामांच्या नोंदवहीवरील) सही बाकी आणि सही करणाऱ्या सिस्टर समोरच्याच खुर्चीवर, हा योग सर्वोत्तम होय. ब्रिटनमधील परिचारिका परिषदेने 2018 च्या मानकांत शिकवणारी व्यक्ती आणि उत्तीर्ण करणारी व्यक्ती वेगवेगळी असावी, असा दंडक घातला. असा अविश्वास आपल्याला शोभत नाही. शिवाय सौजन्य हे दोन्ही बाजूंनी चालते. कच्च्या विद्यार्थिनीला नापास करायला मार्गदर्शकांचे मन कसे धजावत नाही, हे स्कॉटलंडमधील एका अभ्यासाने 2003 मध्येच दाखवून दिले होते. तिने पाच गुण द्यावेत, त्यांनी सही द्यावी, आणि रुग्णाने दोघींनाही आशीर्वाद द्यावा.

तरीही प्रत्यक्ष निरीक्षणाचा आग्रह कोणी धरलाच, तर दोन दिवस आधी निरोप पाठवावा. एका चांगल्या गुणाच्या प्रभेत माणसाचे बाकीचे सर्व गुण उजळून दिसतात, ही गोष्ट एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये नोंदवली होती, तिचा येथे पुरेपूर लाभ घ्यावा. ज्या सिस्टर गोड बोलतात, त्यांना ज्ञान, कौशल्य, वक्तशीरपणा या सर्व रकान्यांत पैकीच्या पैकी गुण द्यावेत. ज्या सिस्टर इंजेक्शनची सिरिंज भरलेल्या विद्यार्थिनीचा हात मध्येच थांबवतात, डोसचे गणित पुन्हा मांडायला लावतात आणि ते बरोबर आल्याखेरीज तिला रुग्णाजवळ जाऊ देत नाहीत, त्यांच्या नावापुढे ‘स्वभाव कडक’ एवढेच लिहावे.

एका गोष्टीची मोजणी मात्र चुकूनही करू नये. विद्यार्थिनी येण्यापूर्वी त्या सिस्टरांकडे जितके रुग्ण होते, तितकेच त्या आल्यावरही असतात. राऊंड, औषधे, ड्रेसिंग, नवी भरती, डिस्चार्ज, नातेवाइकांचे प्रश्न आणि ड्युटी संपताना हँडओव्हर या सगळ्यांच्या फटीत जो वेळ उरतो, त्याला आपण ‘मार्गदर्शन’ म्हणतो. विद्यार्थिनींची गणना तर आपण सोयीने दोन जादा हात म्हणून केलेलीच असते; बीपी घेणे, चादरी बदलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे ही कामे त्यांच्याकडून बिनबोभाट होतात. (मला विचाराल तर, शिकवण्याच्या तासाभरासाठी सिस्टरांकडचे दोन रुग्ण दुसरीकडे दिल्यास निम्मी प्रश्नावली अनावश्यक ठरेल, पण मला कोणी विचारलेले नाही.) मूल्यमापन व्यक्तीचे करावे. ड्युटीचा तक्ता ज्यांनी आखला, त्यांच्यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी अद्याप छापलेली नाही.

शेवटी सरासरी काढावी. ती साडेचारच्या खाली आल्यास विद्यार्थिनींना प्रश्न नीट समजले नाहीत, असे मानून फॉर्म पुन्हा भरून घ्यावेत. ‘इतर सूचना’ हा रकाना एकाच ओळीचा ठेवावा. त्यातही एखादी विद्यार्थिनी बारीक अक्षरात लिहितेच : ‘सिस्टर छान शिकवतात, पण चालता चालता शिकवतात, मला त्यांच्या मागे धावावे लागते.’ संगणकात माहिती भरताना त्या रकान्यासाठी जागाच ठेवलेली नसावी.