एक ना धड, भाराभर कलमं

सकाळी सातला बेळगावहून आत्याचा फोन. "अरे, आपल्या श्रीनं सात कलमं लावली ना त्या ट्रम्पवर? मग तो अजून खुर्चीवर कसा?"

श्री म्हणजे श्री ठाणेदार. बेळगावातून अमेरिकेला गेलेले आणि आता मिशिगनमधून तिथल्या प्रतिनिधीगृहावर निवडून आलेले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा महाभियोगाचा ठराव मांडला, हे खरं. पण आत्याच्या डोक्यात भरलेली बाकीची माहिती आली होती घरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डमधून. तो आतापर्यंत मला तीन जणांनी पाठवलाय, त्यातले दोघे वकील आहेत. आत्याचं ठीक आहे, पण वकिलांनीसुद्धा?

फॉरवर्डचा दावा असा: थोडक्या आरोपांचा, झटपट उरकलेला महाभियोग म्हणजे गुन्हेगाराला पळवाट. सगळे आरोप एकदम लावा, सुटका नाही. त्याला चार आधार दिलेत. कलमं जितकी जास्त तितकी एखादं तरी लागू पडण्याची शक्यता जास्त. निक्सन असाच सगळ्या आरोपांच्या माऱ्यानं पळाला. २०१९ मध्ये घाई करून दोनच कलमं लावली म्हणून ट्रम्प सुटले. आणि कलम मंजूर झालं की राष्ट्राध्यक्षाला चोवीस तासांत घर रिकामं करावं लागतं. शेवटी "मराठी असाल तर पुढे पाठवा".

चोवीस तासांचं आधी उरकतो. प्रतिनिधीगृहानं साध्या बहुमतानं कलम मंजूर करणं म्हणजे फक्त आरोपपत्र दाखल होणं. खटला सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात चालतो आणि दोषी ठरवायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग मंजूर झाला आणि दोन्ही वेळा ते सुटले. ह्यापुढे ह्या मुद्द्यावर शब्द खर्च करत नाही.

आता ते शक्यतेचं गणित. हे वाचून मला खरोखर राग आला, कारण ते शहाणपणाचं वाटतं. सात वेळा फासे टाकले तर एकदा तरी सहा पडेल, असा हिशोब आहे. पण सिनेटर म्हणजे फासे नव्हेत. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर अकरा कलमं होती. बहुतेक सगळी एकाच गोष्टीभोवती फिरणारी: युद्धमंत्री स्टँटन यांना त्यांनी कायदा डावलून काढलं. पण दहावं कलम होतं राष्ट्राध्यक्षांनी भाषणांत काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची टिंगल केली म्हणून, आणि अकरावं म्हणजे सगळ्याची खिचडी. हे अकरावंच सगळ्यांत लागू पडण्यासारखं म्हणून १६ मे रोजी आधी त्यावर मतदान घेतलं. दोषी ३५, निर्दोष १९. चोपन्न जणांत छत्तीस हवे होते, एक मत कमी पडलं. दहा दिवस थांबून, मनधरण्या करून २६ मेला दुसऱ्या कलमावर मतदान झालं: ३५-१९. तिसऱ्यावर: ३५-१९. तीन फासे टाकले, तिन्ही वेळा तोच आकडा, एक माणूस हलला नाही. मग उरलेल्या आठ कलमांवर मतदान न घेताच खटला गुंडाळला. भाषणांच्या त्या कलमाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

सिनेटर कलमागणिक मत देत नाही. माणूस घालवायचा की ठेवायचा, हे तो मनाशी एकदा ठरवतो आणि कलम हे त्याचं निमित्त असतं. क्लिंटन यांच्या वेळी तर सिनेटपर्यंत जाण्याआधीच गळती लागली. चार कलमांपैकी दोन प्रतिनिधीगृहानंच फेटाळली, तेही विरोधी रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असताना.

आता निक्सन. फॉरवर्डमध्ये हे ठळक अक्षरांत आहे आणि नेमकं उलटं आहे. जुलै १९७४ मधल्या प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीच्या मतदानाचे आकडे कुणालाही बघायला मिळतात. समितीपुढे पाच कलमं आली. न्यायात अडथळा: २७-११. सत्तेचा गैरवापर: २८-१०. काँग्रेसचे समन्स धुडकावणं: २१-१७. कंबोडियावरची गुप्त बॉम्बफेक: १२-२६. कर आणि सरकारी पैशातून खाजगी घरांवर केलेला खर्च: १२-२६. हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. समितीत डेमोक्रॅट २१ आणि रिपब्लिकन १७. पहिल्या दोन कलमांवर निक्सनच्याच पक्षाचे सहा-सात जण इकडे आले. पुढे पुढे जाताना ते गळत गेले आणि कंबोडियापाशी डेमोक्रॅटसुद्धा पांगले. माझ्या मते कंबोडियाचा आरोप पाचांत सगळ्यांत गंभीर होता. एका देशावर चोरून बॉम्ब टाकायचे आणि खोट्या नोंदी ठेवायच्या, त्यापुढे वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी ती काय! पण समितीनं तो बाजूला ठेवला, कारण त्यावर दोन पक्षांचे लोक एकत्र येणार नव्हते.

आणि निक्सन गेले ते कलमांच्या वजनानं नव्हे. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ८-० असा निकाल देऊन निक्सनच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप्स द्यायला लावल्या. ५ ऑगस्टला निक्सन स्वतः तपास दडपायला सांगतात ती एक टेप बाहेर आली आणि समितीत मंजूर झालेल्या तिन्ही कलमांविरोधात मत दिलेले दहाही रिपब्लिकन म्हणाले, न्यायात अडथळ्याच्या कलमाला आमचा पाठिंबा. ९ ऑगस्टला राजीनामा. पूर्ण सभागृहात मतदान झालंच नाही.

२०१९ बद्दल मात्र फॉरवर्डवाल्याला थोडं द्यावं लागेल, नाइलाजानं. घाई झाली. सप्टेंबरअखेर युक्रेनवरच्या दबावाची चौकशी जाहीर, १८ डिसेंबरला दोन कलमं मंजूर. ट्रम्प यांचे माजी सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांना सभागृहानं समन्ससुद्धा बजावलं नाही, आणि मग सिनेटनं ५१-४९ अशा मतांनी साक्षीदार नकोतच म्हणून सांगितलं. चौकशी रुंद हवी होती, हे मलाही पटतं. निक्सनच्या वेळी ती महिनोन्‌महिने चालली होती. पण चौकशी रुंद असणं वेगळं आणि आरोपपत्र रुंद असणं वेगळं, फॉरवर्डमध्ये दोन्हींचा काला झालाय. शिवाय थांबण्याचीही किंमत असते. व्हाइट हाउसचे माजी वकील डॉन मॅकगॅन यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स गेलं. कोर्टकचेऱ्या होऊन ते साक्षीला बसले जून २०२१ मध्ये, म्हणजे ट्रम्प पायउतार झाल्यावर.

आणि दोनाऐवजी दहा कलमं असती तर सिनेटमध्ये ४८ ची ६७ मतं झाली असती? कोणाची? नावं तरी सांगा. २०२१ मध्ये एकच कलम होतं, बंडाला चिथावणीचं, ६ जानेवारीच्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर आठवड्यात मंजूर झालेलं. त्याला सिनेटमध्ये ५७ मतं पडली, त्यांत सात रिपब्लिकन. पुरली नाहीतच, पण ट्रम्प यांच्या दोन्ही खटल्यांत त्याहून जास्त कधी पडली नाहीत.

राहिले आत्याचे श्री. सात कलमांत शेवटचं चक्क "जुलूमशाही" नावाचं होतं. जुलूमशाहीवर साक्षीदार कोण आणणार, उलटतपासणी कसली घेणार? मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह धरला, सह्या केलेल्यांपैकी काहींनी नावं काढून घेतली, स्वपक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते वैतागले आणि १४ मेला त्यांनी तो आग्रह सोडला. एकच कलम लावलं की जमतं असंही नाही हं. जूनमध्ये त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी अ‍ॅल ग्रीन यांनी इराणवरच्या हल्ल्यांवरून एकाच कलमाचा ठराव आणला, तो ३४४-७९ नं बाजूला सारला गेला आणि सारणाऱ्यांत सव्वाशेहून जास्त डेमोक्रॅट होते.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पुढे पाठवू नको म्हणतोस? मी तर काल रात्रीच भजनी मंडळाला पाठवला."