रक्त की पाणी?

माझ्या पुतण्याची परीक्षा संपली आणि माझी सुरू झाली. दादा, वहिनी आणि तो असे तिघं मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून लातूरला आले. येताना त्यांनी चितळ्यांची बाकरवडी, एक ट्रॉली बॅग आणि एक पेनड्राइव्ह आणला. बाकरवडी दुसऱ्या दिवशी संपली. पेनड्राइव्ह पुढे आठ रात्री पुरला.

त्यात 'सर्व्हायव्हर' या अमेरिकन कार्यक्रमाचा सत्ताविसावा सीझन होता, 2013 सालचा. माणसांना बेटावर सोडून द्यायचं, त्यांनी आपापलं जगायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी मतदान करून एकेकाला घालवायचं. 39 दिवस टिकून शेवटी जिंकेल त्याला 10 लाख डॉलर. या सीझनमध्ये गंमत अशी की दहा जुने खेळाडू बोलावले आणि प्रत्येकाला आपलं एक जिवाचं माणूस सोबत आणायला सांगितलं. कुणी बायको आणली, कुणी भाऊ, कुणी लेक, कुणी पुतणी. वीस माणसं. फिलिपिन्समधल्या पलावी नावाच्या बेटावर नेऊन त्यांना पहिल्याच झटक्यात समोरासमोरच्या दोन टोळ्यांत वाटून टाकलं. जुने इकडे, जिवाचे तिकडे. सीझनचं नाव 'ब्लड व्हर्सेस वॉटर'.

"म्हंजे?" आत्यानं विचारलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात इंग्रजीत जे जे घडेल त्याला मी जबाबदार असतो. औषधाच्या चिठ्ठीपासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत. मी सांगितलं, "आत्या, इंग्रजांची एक म्हण आहे. रक्त पाण्यापेक्षा दाट असतं. म्हणजे रक्ताचं नातं पक्कं."

"ज्यानं म्हण केली त्यो लातूरला आलेला नसंल," आई म्हणाली.

खोलीत एकदम शांतता पसरली. कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. सगळ्यांनी आत्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला, आणि त्यामुळे सगळ्यांनी आत्याकडे बघितल्यासारखंच झालं.

बाहेरच्या वाचकाला हे समजायचं नाही, म्हणून सांगतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मिरजेहून, साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, त्यात पाच लाख लिटर. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी होती, 144 कलम. दंगलीत लावायचे ते. पाचाहून जास्त माणसांनी पाण्याजवळ जमायचं नाही. आमच्या घरात तेव्हा माणसंच सहा.

अशा त्या उन्हाळ्यात अख्ख्या खानदानात एकाच घरच्या बोअरला पाणी होतं, आणि ते घर आत्याचं. आत्यानं आम्हाला रोज दोन घागरी दिल्या, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. आई मात्र दुसरीच गोष्ट विसरत नाही. एके दिवशी पाहुणे आले म्हणून तिनं तिसरी घागर मागितली, तेव्हा आत्या "बघू" म्हणाली. त्या "बघू"ला आता बरीच वर्षं झाली. दोघी एका ताटात जेवतात, एकमेकींचे पाय चेपतात, पण लग्नाकार्यात कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की आई हमखास आत्याकडे बघून म्हणते, "घेऊ का? का बघू?"

तर असं हे प्रेक्षकमंडळ. आठ जणांचं. आणि मधोमध मी, दुभाषी.

दुभाष्याचं काम किती कठीण असतं ते मला पहिल्याच रात्री कळलं. 'ट्रायबल कौन्सिल'ला काय म्हणावं? मी ग्रामसभा म्हणालो. "ग्रामसभेला एवढी माणसं कुठं असतात?" हा दादाचा आक्षेप. 'अलायन्स'ला काही अडचण आली नाही, आघाडी-युती लेकरांनाही समजते. 'ब्लाइंडसाइड' म्हणजे माणसाला गाफील ठेवून त्याचा काटा काढायचा, असं मी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग सोसायटीचं इलेक्शन म्हण की सरळ." खरी पंचाईत 'आयडॉल'ची झाली. जंगलात लपवलेली एक वस्तू, वेळेवर पुढे केली तर मतं पडूनही माणूस वाचतो. मी घाईत "मूर्ती" म्हणालो. त्यानंतर पडद्यावर कुणीही झाडाच्या बुंध्याशी उकरायला लागलं की आत्या हात जोडायची.

जेवणाच्या बाबतीत मात्र आईनं दुभाष्याची वाट बघितली नाही. ती मंडळी नुसता भात खाऊन राहतात हे तिला दिसतच होतं. "तेच्यामुळं भांडायलेत. पोटाला भाकर नाही, डोकं कसं थंड ऱ्हाईल?" असं म्हणून तिनं माझ्या ताटात बोरसुरीच्या डाळीचं आणखी एक पळी वरण ओतलं. ज्वारीच्या भाकरीनं डोकं थंड राहतं, हा सिद्धांत आमच्या भावकीतला बांधावरचा इतिहास बघता टिकणारा नाही. पण मी गप्प बसलो. तोंडात घास होता.

खरं संकट पहिल्याच भागात दबा धरून बसलं होतं.

झालं असं. रूपर्ट नावाचा एक दाढीवाला, भल्या देहाचा जुना खेळाडू. त्यानं बायकोला आणलेलं. पहिल्याच दिवशी, कुणाची कुणाशी धड ओळख नसताना, दोन्ही टोळ्यांना सांगितलं, एकेकाला काढा. रूपर्टची बायको लॉरा निघाली. आता काढलेला माणूस सरळ घरी जात नाही, तर 'रिडेम्प्शन आयलंड' नावाच्या वेगळ्या जागी जातो. तिथं हाकललेल्यांचे आपसांत सामने होतात. हरला तो घरी, तगून राहिला त्याला पुढे खेळात परतायची संधी. ("माहेर म्हणा की," वहिनी हळूच म्हणाली. दादानं ऐकलं नाही किंवा तसं दाखवलं.) आणि नियम असा की हाकललेल्याच्या जिवाच्या माणसाला वाटलं तर त्यानं त्याच्या जागी जावं.

रूपर्ट बायकोच्या जागी गेला. पहिल्याच दिवशी.

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही गेला असता?"

आता इथं मी माझी चूक कबूल करतो. उत्तर "हो" हेच होतं. जगातल्या कुठल्याही नवऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो "हो" म्हणेल. पण मी शिक्षक माणूस. प्रश्न आला की आधी तो नीट समजून घ्यायची सवय. मी विचार केला, बेटावर झोपायची सोय काय, डास किती, रक्तदाबाची गोळी जवळ बाळगू देतात का. यात दोन सेकंद गेले. जास्तीत जास्त अडीच.

"कळलं," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पुढच्या सामन्यात रूपर्ट हरला आणि सगळ्यांत आधी घरी गेला, हे दाखवून मी बाजू सावरायचा प्रयत्न केला. म्हटलं, "बघ, भावनेच्या भरात गेला आणि काय झालं?" पुतण्यानं माझ्याकडे अत्यंत दयेनं बघितलं. त्याचं अजून लग्न व्हायचंय, पण पोरगं हुशार आहे.

यानंतर आला ब्रॅड कल्पेपर. हा वकील, त्याआधी अमेरिकन फुटबॉल खेळलेला. हा बाद झाल्यावर बायको मोनिका त्याच्या जागी यायला तयार, आणि हाच तिला म्हणतो, नको, तू खेळात राहा. मला वाटलं, चला, आता बायका नवऱ्यांना थोडं बरं म्हणतील. पण दुसऱ्या खेळाडूची बायको या ब्रॅडवर अशी काही तुटून पडली होती की आमच्या घरच्या बायकांचं मत केव्हाच बनून गेलेलं. "गोड बोलून दुसऱ्याचं घर मोडायलाय," आत्यानं निकाल दिला.

आता जरा परीक्षकासारखं बोलतो, कारण आठ रात्री जागून तेवढा अधिकार मी कमावलाय. या सीझनचा पूर्वार्ध पहिल्या प्रतीचा आहे. नुसती हुशारी चालत नाही, कारण तुम्ही ज्याला काढाल त्याचं कुणीतरी पलीकडच्या टोळीत बसलेलं असतं आणि ते उद्या तुमच्या मुळावर उठणार असतं. आपल्याकडे सुनेला बोलण्याआधी तिचा भाऊ काय नोकरी करतो हे बघतात, त्यातलाच प्रकार. उत्तरार्धात मात्र जोड्या फुटत जातात आणि खेळ नेहमीच्या वळणावर येतो. शिवाय ते हाकललेल्यांचं बेट मला पटलं नाही. गेलेला माणूस गेलाच पाहिजे. जेवण झाल्यावर उंबऱ्यात उभं राहून तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखा तो अधेमधे लोंबकळतो.

पण उत्तरार्धात एक क्षण असा आहे की त्यासाठी बाकी सगळं माफ. सिएरा नावाची पोरगी आईबरोबर खेळायला आलेली. आईचंही नाव लॉराच, पण ही दुसरी, लॉरा मॉरेट. ती एकदा बाहेर पडून सामने जिंकत परत आलेली, जिद्दीची बाई. आता मतदान. आईचं जाणं जवळजवळ ठरलेलं, लेकीच्या एका मतानं तसा फरक पडणार नव्हता. पण आपण गटाशी पक्के आहोत हे दाखवायला सिएरानं कागदावर नाव लिहिलं. आईचं.

मी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. कागद पडद्यावर आला आणि आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"लेकीनं मायचं नाव लिवलं?"

"हो."

"सोताच्या हातानं?"

"आई, खेळ आहे तो."

"नऊ महिने खेळच केला आसंल मायनं!" आईनं शेंगांची परडी बाजूला सारली. पाठोपाठ आत्यानंही सारली. तीन तपांत पहिल्यांदा दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं. त्या रात्री दुसरा भाग लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या मुलीला वेणी घालता घालता विचारलं, "तू लिवशील का गं मायचं नाव?" मुलगी आठवीत आहे. ती म्हणाली, "किती डॉलर आहेत त्यावर आहे." तिची वेणी त्या दिवशी फार घट्ट बसली.

पुढे सहा जण उरले तेव्हा मतं तीन-तीन पडली. कुणी मागे हटेना. मग नियमाप्रमाणे ज्यांना मतं पडली ते दोघं आणि आधीच सामना जिंकून वाचलेला एक जण सुरक्षित, आणि बाकीच्यांनी पिशवीत हात घालून दगड काढायचे. वेगळ्या रंगाचा दगड टीना वेसन या जुन्या खेळाडूच्या लेकीच्या, केटीच्या, हाती आला आणि ती गेली. आई एवढंच म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी." या भागाचं याहून चांगलं परीक्षण माझ्याच्यानं होणार नाही.

शेवटच्या भागाच्या रात्री आमच्या गल्लीत नळ येणार होता.

आमच्याकडे नळ येतो म्हणजे काय, हेही सांगायला हवं. तो आठवड्यातून एकदा येतो आणि तोही मध्यरात्रीनंतर केव्हाही. आल्या क्षणी मोटर लावली नाही तर शेजारच्यांची मोटर आधी ओढते आणि आपल्या पाइपातून नुसता फुसफुस आवाज येतो. त्यामुळे एकानं जागं राहावंच लागतं. एरवी हे काम बिनबोभाट माझ्याकडे असतं. पण घरात आठ माणसं असताना मीच का, असा घटनात्मक प्रश्न मी उपस्थित केला. पुतण्याचे डोळे चमकले.

"काका, व्होटिंग!"

वहीचं पान फाडून आठ चिठ्ठ्या झाल्या. एकेकानं स्वयंपाकघरात जाऊन नाव लिहायचं आणि पितळी डब्यात टाकायचं. मी दादाचं लिहिलं. तो पुण्याला चोवीस तास पाणी पितो, एक रात्र जागला तर काय बिघडतं? आत्याला अक्षर येत नाही, तिची चिठ्ठी वहिनीनं लिहिली. ही मतदानाच्या गुप्ततेची पायमल्ली आहे असं मी म्हणालो, पण कुणी नोंद घेतली नाही.

पुतण्यानं त्या निवेदकासारखा चेहरा करून चिठ्ठ्या उलगडल्या. "पहिलं मत... काका." "दुसरं मत... काका." तिसरी चिठ्ठी दादाची निघाली, म्हणजे माझीच. मग पुन्हा काका. मग "पप्पा", हे माझ्या मुलीचं सुरेख अक्षर. मग "हे", एवढंच. नाव घ्यायचं नाही म्हणून बायकोनं तसं लिहिलेलं. मग पुन्हा काका.

शेवटची चिठ्ठी उघडून पुतण्या अडखळला. "हे 'बाळ्या' कोण आहे?"

घरात मला या नावानं हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय. मी आईकडे बघितलं. ती पदरानं चष्मा पुसत होती.

"आई, तू?"

"मग कुणाचं लिवू? दुसऱ्याला उटवायचं म्हंजे संकोच वाटतो. तू आपला हायस."

मी शेवटचं शस्त्र काढलं. "अदलाबदलीचा नियम आहे. जिवाचं माणूस माझ्या जागी बसू शकतं." आणि बायकोकडे बघितलं.

"थांबा, विचार करते," ती म्हणाली. दोन सेकंद. जास्तीत जास्त अडीच. मग तिनं उशी नीट केली आणि कूलरकडे तोंड करून झोपली.

शेवटचा भाग मी एकट्यानं बघितला, मोटरच्या बटणाशेजारी पायरीवर बसून, पुतण्याच्या लॅपटॉपवर, आवाज बारीक करून. एका डोळ्यानं पडदा, एका कानानं पाइप. शेवटी मतदान उलटं असतं, बाहेर पडलेल्यांपैकी आठ जण विजेता निवडतात. टायसन अपोस्टल जिंकला. त्याला आठपैकी सात मतं पडली आणि 10 लाख डॉलर मिळाले. मीही आठपैकी सात मतं घेतली होती. पावणेतीनला पाइपानं खाकरा काढला आणि मी बटण दाबलं.

सकाळी मी निकाल सांगायला चहाच्या वेळी बाहेर आलो तेव्हा आई आणि आत्या ओसरीवर बसल्या होत्या.

"टायसन जिंकला," मी म्हणालो. "सात मतं."

"ते ऱ्हाऊ दे. हौद भरला का?"

"भरला."

"वरची टाकी?"

"तीपण."

"आन् त्या मोनिकाला किती पडली?" आत्यानं विचारलं.

"एक."

"नवऱ्याचं आसंल."

"त्याला मतच नव्हतं, आत्या. तो आधीच बाहेर पडला होता."

आत्या आत गेली आणि कळशी घेऊन आली. "हौदातनं घेऊ का एक कळशी? माझ्याकडं बोअर बसलंय दोन दिवस झालं."

आईनं चहाचा एक सावकाश घोट घेतला.

"बघू," ती म्हणाली.