‘मुलांना विचारून काय होणार?’ : फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

पालकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: शाळांनी मुलांना ‘तुम्ही बरे आहात ना’ असं प्रश्नावल्या वाटून विचारत बसू नये. विचारल्यामुळे मुलं उगाच स्वतःला दुःखी समजायला लागतात. उत्तरंही काहीबाही लिहितात. दुःखं असतात घरची, त्यात शाळा काय करणार? या भानगडीत अभ्यास मागे पडतो आणि सगळे आकडे फायलीत जातात. शेवटची ओळ आहे, ‘आणि शिक्षकांना कोण विचारतंय?’

अशा प्रश्नावल्यांची उत्तरं शिक्षकांसोबत बसून वाचणं हे माझं काम आहे. मेसेज लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे, असं मी धरून चालते. पण तो वाचून एखाद्या शाळेने प्रश्नावली गुंडाळून ठेवली, तर नुकसान होईल ते स्वतःहून कुणाकडेच जाऊन बोलणार नाहीत अशा मुलांचं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विचारल्याने मुलं दुःखी होतात.’

ही भीती सगळ्यात जुनी आहे आणि ती तपासूनही झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. दोन दिवसांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांच्या अस्वस्थतेत फरक नव्हता. आधीपासून नैराश्यात असलेली मुलंही त्या प्रश्नांनी जास्त कोलमडली नव्हती. एवढा नाजूक प्रश्न विचारूनही अपाय झाला नाही, तर ‘शाळेत तुला आपलं कुणी वाटतं का’ या प्रश्नाने काय होणार आहे?

मात्र मेसेजमधल्या शंकेचा एक धागा खरा आहे. विचारणं वेगळं आणि सगळ्या वर्गाला सरसकट एखादा कार्यक्रम देणं वेगळं. ब्रिटनमध्ये 85 शाळांत आणि आठ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसच्या, म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर आणण्याच्या सरावाच्या, तासांचा मोठा प्रयोग झाला. 2022 मध्ये निकाल आले, आणि नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांपेक्षा त्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही सुधारणा दिसली नाही. एक लोकप्रिय उपाय अपेक्षेप्रमाणे चालत नाही, हे कळलं ते मुलांना आधी आणि नंतर विचारलं म्हणूनच. न विचारता आपण तेच तास वर्षानुवर्षं घेत राहिलो असतो.

विचारण्यात धोका आहे तो दुसरीकडे. एखाद्या मुलाने लिहिलं की मला जगावंसं वाटत नाही, आणि त्या कागदाकडे कुणी पाहिलंच नाही, तर तो गुन्हा आहे. म्हणून प्रश्नावली वाटण्याआधी ठरलेलं असायला हवं: ती निनावी आहे की नावानिशी, उत्तरं त्याच दिवशी कोण पाहणार, मदत लागली तर मुलाने कुणाकडे जायचं, समुपदेशक कधी भेटणार. निनावी असेल तर हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं, की इथे लिहिलेलं वाचून कुणी तुला शोधत येणार नाही, बोलायचं असेल तर या व्यक्तीकडे ये. एवढी तयारी नसेल तर प्रश्नावली पुढे ढकलावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मुलं काहीही लिहितात.’

काही मुलं लिहितात. वर्गशिक्षक बाकापाशी उभे असतील आणि कागदावर नाव असेल, तर बरीच मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितात. पण चांगली प्रश्नावली हे गृहीत धरूनच बनवलेली असते. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली, मुलांच्या क्षमता आणि अडचणी पाहणारी प्रश्नावली घ्या. तिच्यात 25 विधानं आहेत आणि त्यातली पाच मुद्दाम उलट्या दिशेने लिहिलेली आहेत. डोळे झाकून एकाच रकान्यात खुणा करत गेलेला मुलगा तिथे लगेच लक्षात येतो.

जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची प्रश्नावली तर त्याहून छोटी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी आणि प्रसन्न होतो. मला शांत आणि निवांत वाटलं. मला उत्साही वाटलं. झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं. माझ्या दिवसभरात मला रस वाटेल अशा गोष्टी होत्या. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज पंचवीसपर्यंत जाते, तिला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा. यात कुठेही ‘तुला काही आजार आहे का’ असं विचारलेलं नाही, आणि हा आकडा रोगाचं निदानही नाही. एकट्या मुलाच्या आकड्यावरून शाळेने निष्कर्ष काढू नये. तीन-चारशे मुलांची उत्तरं एकत्र ठेवली की चारदोन टवाळ उत्तरांनी चित्र बदलत नाही.

‘दुःख घरचं, शाळा काय करणार?’

इथे थोडं थांबायला हवं, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. मुलांच्या मनःस्वास्थ्यातला मोठा फरक एकाच शाळेतल्या दोन मुलांमध्ये असतो, दोन शाळांमध्ये फार कमी असतो. म्हणजे या आकड्यांवरून शाळांचे क्रमांक लावणं चूकच आहे. पण शाळेच्या आवारात जे घडतं, ते घरचं कसं म्हणणार? जिन्यात अडवलेली वाट, स्वच्छतागृहाच्या दाराशी उभी असलेली टोळी, चुकीचं उत्तर दिल्यावर वर्गभर उठणारं हसू, हे सगळं शाळेतलंच आहे.

नॉर्वेत मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी हेच धरलं. 1983 साली तिथे देशभर दादागिरीविरोधी मोहीम सुरू झाली आणि बर्गन शहरातल्या 42 शाळांमधल्या सुमारे 2,500 मुलांकडून निनावी प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. प्रश्न मोघम नव्हते. आधी दादागिरी म्हणजे काय ते समजावून सांगायचं, मग किती वेळा, कुठे, कुणाला सांगितलंस का, असं विचारायचं. उत्तरं हाती आल्यावर मोठ्यांनी मधल्या सुट्टीत कुठे उभं राहायचं, वर्गात कोणते नियम करायचे, पालकांशी केव्हा बोलायचं ते ठरलं. तिथे छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. इतर देशांत एवढं यश नेहमी मिळालं नाही. असे अनेक कार्यक्रम एकत्र तपासणाऱ्या 2011 च्या आढाव्यात छळाला बळी पडण्याचं प्रमाण 17 ते 20 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. निम्म्यापेक्षा हे कमीच, पण रोज मार खाणाऱ्या मुलाला विचारा, पाचातल्या एकाची सुटका म्हणजे काय ते.

आता एक नमुना पाहा. समजा, शाळेची सरासरी छान आली. तोच तक्ता इयत्तेनुसार फोडला तर सातवीचा आकडा घसरलेला दिसतो. मुली आणि मुलगे वेगळे केले तर घसरण मुलींची आहे. जागेचा प्रश्न पाहिला तर वर्गात ठीक, मैदानावर ठीक, स्वच्छतागृहाच्या बाजूला असुरक्षित. ‘मुलींचा आत्मविश्वास वाढवा’ असं व्याख्यान ठेवणारी शाळा इथे चुकली असती. हवी आहे दाराला नीट लागणारी कडी आणि त्या टोकाला एका शिक्षिकेची फेरी. फोडताना एक पथ्य मात्र पाळावं. दहापेक्षा कमी मुलांचा गट तक्त्यात दाखवू नये, नाहीतर निनावी उत्तराचं नाव सगळ्यांना कळतं.

‘अभ्यास मागे पडतो.’

याला उत्तर थोडक्यात देता येतं. भावनिक आणि सामाजिक कौशल्यांच्या 213 शालेय कार्यक्रमांचा, दोन लाख सत्तर हजार मुलांचा आढावा 2011 मध्ये आला. कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा त्या मुलांची अभ्यासातली कामगिरी सरासरी 11 पर्सेंटाइलने, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत अकरा जागांनी, पुढे होती. शिवाय ‘पिसा’ या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2015 च्या पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांपैकी, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या गटाच्या सरासरीने, 55 टक्के मुलांनी सांगितलं की तयारी चांगली असली तरी परीक्षेआधी फार धास्ती वाटते. त्याच अहवालात दिसलं की शाळा किती वेळा परीक्षा घेते याचा या धास्तीशी संबंध नाही. शिक्षक अडलेल्या मुलाला वैयक्तिक मदत करतात असं जिथे मुलं सांगतात, तिथे ती कमी असते. म्हणजे परीक्षा रद्द करा असं कुणी म्हणत नाहीये. उत्तरपत्रिका परत देताना आपण काय बोलतो, एवढं तपासायचं आहे.

‘सगळं फायलीत जातं.’

हा मेसेजमधला सगळ्यात खरा मुद्दा आहे. बहुतेक वेळा जातंच. मुलांनी मन मोकळं करायचं, आणि पुढे कुणी ब्र काढायचा नाही. पुढच्या वर्षी तीच मुलं मग खरंच काहीबाही लिहितात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. यावर उपाय प्रश्नावली बंद करणं नाही. उत्तरं आली की दोन-तीन आठवड्यांत मुलांना सांगायचं: तुम्ही हे म्हणालात, त्यातलं हे आम्ही करणार आहोत, हे आत्ता जमणार नाही आणि का जमणार नाही. बदल दोनच निवडायचे, पण ते वेळापत्रकात, पर्यवेक्षणाच्या पाळ्यांत, शिक्षकांच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत दिसले पाहिजेत. शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ते माहीत हवेत, कारण मूल दिवसभरात त्या सगळ्यांना भेटतं. सहा महिन्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारायचा. शब्द बदलले तर तुलना संपली.

वरिष्ठांनाही एक सांगणं आहे. हा आकडा शाळेच्या मूल्यांकनाला जोडू नका. मोजमापावर बक्षीस किंवा शिक्षा ठरली की ते मोजमाप बिघडतं, हे अमेरिकी समाजशास्त्रीय संशोधक डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच सांगून ठेवलं आहे. उद्या ‘आनंदी शाळा’ म्हणून गुण मिळायला लागले, तर परवा मुलांकडून आनंद पाठ करून घेतला जाईल.

‘आणि शिक्षकांना कोण विचारतंय?’

विचारलंच पाहिजे. शिकागोच्या प्राथमिक शाळांच्या दीर्घ अभ्यासात संशोधकांनी मुलांसोबत शिक्षकांच्याही प्रश्नावल्या घेतल्या. नेतृत्व, शिक्षकांची एकजूट, पालकांशी नातं, मुलांना पोषक वातावरण आणि शिकवण्याची दिशा अशा पाच बाजू त्यांनी पाहिल्या. यातल्या बहुतेक बाजूंनी भक्कम असलेल्या शाळा वाचन आणि गणितात सुधारण्याची शक्यता कमकुवत शाळांच्या दहापट होती. तेव्हा शिक्षकांची प्रश्नावली मुलांच्याच आठवड्यात घ्या, तिलाही दहाच्या आतला गट न दाखवण्याचं पथ्य लावा, आणि ‘अडचण आली तर इथे मला कुणाची साथ मिळते’ हा प्रश्न तिच्यात असू द्या. दोन्ही तक्ते एकाच बैठकीत शेजारी शेजारी ठेवा आणि सुरुवात शिक्षकांच्या तक्त्यापासून करा.