पन्नास दिवसांत नवा माणूस कसा घालवावा

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागरणविधी पार पडला. नव्यानं ख्रिस्ती होणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला, टाळ्या वाजल्या. आता तुमचं काम सुरू. कारण पांढऱ्या झग्यात पेटती मेणबत्ती धरून भांबावलेली ती तीन-चार माणसं पुढच्या रविवारीही येणार आहेत. पेन्टेकोस्टपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या दिवशीच्या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, अशीच येत राहिली तर त्यांना सवय लागेल, आणि सवय लागली की हक्क आलाच. जे काही करायचं ते याच पन्नास दिवसांत.

नव्यांना वेळेआधी यायची वाईट खोड असते. तुम्ही पहिलं गीत संपता संपता पोहोचता तर डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खांबाला लागून, म्हणजे नेमका तुमच्या जागेवर तो बसलेला. त्याला उठवू नका, बरं दिसत नाही. नुसते बाकाच्या टोकाशी उभे राहा. घसा खाकरा. तो ओशाळून आत सरकला की टोकाला बसा आणि दोघांच्या मधे पिशवी ठेवा, पिशवीशेजारी गीतांचं पुस्तक, पुस्तकाशेजारी छत्री. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी छत्री हवीच. शांतीचिन्हाच्या, म्हणजे शेजाऱ्याला हात देऊन शांती चिंतायच्या, वेळी हात तिच्यावरून पलीकडे नेणं अवघड जातं, म्हणून मान वळवून मागच्या बाकावरच्या जुन्या मित्राला शोधा आणि त्याच्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन करा. नव्याला पाठ दिसली तरी पुरे.

विधीच्या पुस्तकाचं फार मनावर घेऊ नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, प्रौढांची टप्प्याटप्प्यानं होणारी प्राचीन दीक्षा पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 1972 साली रोमहून तो विधी प्रसिद्ध झाला. ईस्टरकाळातल्या रविवारच्या मिस्सांना नव्यांसाठी खास जागा राखाव्यात, प्रवचनात त्यांची दखल घ्यावी, असं त्यात चक्क छापलंय. शिवाय त्यांना घडवणं ही बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे म्हणे. प्रत्येकाची! म्हणजे जिने वर्षभर वर्ग घेतले त्या सिस्टरची, हे उघड आहे.

या पन्नास दिवसांना मिस्टॅगॉजीचा काळ म्हणतात. संस्कार आधी घ्यायचे आणि त्यांचा अर्थ नंतर, सगळ्यांच्या सोबतीनं उलगडत न्यायचा. यरुशलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावर चौथ्या शतकातली अशी पाच प्रवचनं आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी काय घडलं ते ती नव्यांना एकेक करून समजावतात. आपली पद्धत जास्त सुटसुटीत आहे. दाखला द्यायचा, नोंदवहीत सही घ्यायची, वर्ग बंद.

पण सावध राहा, नवे प्रश्न विचारतात. वाचनपीठाजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची, क्रूस कोरलेली मोठी मेणबत्ती पन्नास दिवस उभी असते. नवा विचारेल, “त्या क्रुसावर पाच दाणे कसले टोचलेत?” तुमची हयात त्या मेणबत्तीसमोर गेली, पण दाणे कधी दिसले नव्हते. ते धूपाचे असतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण. हे त्याला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. अशा वेळी किंचित हसून “हळूहळू कळेल” म्हणावं. या दोन शब्दांनी आजवर कैक विद्वान वाचवलेत. क्रुसाभोवती चालू सालाचे चार आकडेही कोरलेले असतात. निदान ते तरी वाचून ठेवा.

सगळ्यांत मोठी अडचण वाचनांची. ईस्टरकाळात ‘प्रेषितांची कृत्ये’ हेच पुस्तक वाचलं जातं आणि त्यातली माणसं आपल्याला वरचेवर तोंडघशी पाडतात. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल, म्हणजे पुढचा संत पौल, यरुशलेमला येतो तेव्हा सगळे शिष्य त्याला टरकून असतात. इथवर अगदी बरोबर चाललेलं असतं, पण मधेच तो बर्णबा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेतो. झालं! कुणा एकाच्या उत्साहामुळे अख्ख्या मंडळीला पुढे त्या माणसाची पत्रं ऐकावी लागली, आपण अजून ऐकतोय. लूकच्या शुभवर्तमानातल्या, अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांचंही तेच. अनोळखी सोबत्याला “आमच्याकडे राहा” म्हणून आग्रह केला, तो निघाला पुनरुत्थित ख्रिस्त, आणि त्याच रात्री पुन्हा यरुशलेमपर्यंत तंगडतोड करावी लागली. आतिथ्याचे परिणाम हे असे.

वर्षा-दोन वर्षांनी ईस्टरला उगवलेल्या जुन्या माणसासाठी वेगळं काही लागत नाही. दारातच मोठ्यानं “अरे वा, वाट चुकलात की काय?” एवढं पुरतं. वर्षातून एकदा तरी, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तप्रसाद घ्यावा हा नियम 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं घातला. तो बिचारा तेवढा तरी पाळायला आलेला असतो. त्याला ते सांगू नका.

इतकं करूनही एखादा चिवट निघाला तर त्याला कामाला लावा. नाव विचारायच्या आधी खुर्च्या उचलायला सांगा, मग हिशेब, मग मुलांचा वर्ग, मग सणाची वर्गणी. महिनाभरात तो स्वतःच सुटकेचा मार्ग शोधेल. मात्र गायकवृंदात घेऊ नका. एखाद्याचा आवाज खरंच चांगला निघाला तर पंचाईत.

पेन्टेकोस्ट उलटला, नवा दिसेनासा झाला, की पॅरिश कौन्सिलच्या सभेत “हल्लीची माणसं टिकतच नाहीत” हे सगळ्यांत आधी तुम्हीच म्हणा. आवाज कळवळ्याचा असू द्या. कुणी नाव विचारलं तर “तो हो, चष्मेवाला” म्हणून वेळ मारून न्या. मग इतिवृत्तात ठराव लिहून घ्या : नव्यांच्या स्वागतासाठी समिती नेमण्यात येत आहे. अध्यक्ष म्हणून तुमच्याइतका अनुभवी माणूस त्यांना मिळणार कुठून?